सासूबाईंचे गुडघे आणि माझी शेगडी

शेगडी बसवायचा निर्णय मी दाढी करताना घेतला. आरशात मला माझा चेहरा दिसत नव्हता, कारण माझ्याच श्वासाची वाफ काचेवर जमत होती. काच पुसावी, जरा वस्तरा फिरवावा, की चेहरा पुन्हा गायब. (त्या आठवड्यात ऑफिसातले लोक माझी हनुवटी बघून चुकचुकत होते, ते याचमुळे.) इतक्या थंडीत कुठलाही निर्णय घेऊ नये, हे मला आता कळतं. त्या दिवशी मात्र मी तोंडाला फेस घेऊनच स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "आपण बाहेरच्या खोलीत लाकडाची शेगडी बसवू."

"कोण बसवणार?"

दुसऱ्या कुणी आधी 'कशाला?' विचारलं असतं, 'केव्हा?' विचारलं असतं. ही थेट मुद्द्यावर येते.

"मी," मी म्हणालो.

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आधी फेस पुसा."

शेगडीचं कारण होतं माझ्या सासूबाई. त्या माझ्या मेहुण्याकडे राहत. त्याची लांब बदली झाली आणि हिवाळाभर त्या दोन मुलींपैकी एकीकडे येणार असं ठरलं. आता या दोन्ही मुली एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात. जोडघर आहे आमचं. इकडे मी शिंकलो तर तिकडून मेहुणी "तब्येत सांभाळा" म्हणते. आई कुणाकडे राहणार यावरून बहिणींची ओढाताण सुरू झाली, तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या, "भांडू नका. ज्या घरात माझे गुडघे दुखणार नाहीत त्या घरात मी राहीन. मी काही ठरवणार नाही. गुडघे ठरवतील."

जावई सासूला टाळायला बघतो, असा सगळ्यांचा समज असतो. माझं उलट आहे. मला सासूबाई आमच्याच घरी हव्या होत्या, आणि अगदी मनापासून हव्या होत्या. या जगात मला कर्तबगार समजणारी ती एकच बाई आहे. एकदा मी त्यांना जॅमची घट्ट बसलेली बरणी उघडून दिली. (आधी हिने ती सैल केली होती, पण ते त्यांना माहीत नाही.) तेव्हापासून त्या चार लोकांत सांगतात, "आमच्या धाकट्या जावईबापूंच्या हातात जोर आहे हो." माझा विनोद संपायच्या आधीच त्या हसायला लागतात. आणि त्या घरात असल्या की ही मला काही बोलत नाही. जे बोलायचं असतं ते साठवून ठेवते, पण तोवर हिवाळा तर निघतो.

भिंतीपलीकडे माझे साडूभाऊ राहतात. ते एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. माणूस वाईट नाही, पण त्यांना कुठल्याही वस्तूत आधी अपघात दिसतो आणि मग वस्तू. आमच्याकडे जेवायला आले तरी बसण्याआधी बाहेर पडायचे रस्ते बघून ठेवतात. (जेवण ही करते, म्हणून मी याबद्दल जास्त लिहीत नाही.) त्यांनी सासूबाईंसाठी विजेचा हीटर आणला होता आणि तो बघायला मला मुद्दाम बोलावलं होतं. तो हीटर कलंडला की आपोआप बंद होतो. त्यांनी तो परत परत कलंडवून दाखवला. असल्या हीटरला हरवायचं तर जिवंत जाळच पाहिजे, असं माझ्या मनाने घेतलं.

शेगडी मला फुकट मिळाली. मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे. आमच्या गोदामात एक ओतीव लोखंडाची शेगडी धूळ खात पडली होती. पूर्वी ती तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या खोलीत असायची. पण ऊब मिळते म्हणून लोक तक्रार संपली तरी उठेनात, म्हणून साहेबांनी ती काढायला लावली. मी मागितल्यावर हेडक्लार्कनी "खरंच नेताय?" एवढंच विचारलं आणि माझं मन बदलायच्या आत हमाल बोलावले. हमालांनी ती आमच्या खोलीत आणून विचारलं, "कुठे ठेवू?"

"जरा विचार करतो," मी म्हणालो.

ती माझ्या पायाशी ठेवून ते निघून गेले.

खोलीची जमीन लाकडी आहे, म्हणून शेगडीखाली विटांचा ओटा पाहिजे, इतपत अक्कल मला होती. ओटा मी एका सकाळीत केला. त्यावर गोटी ठेवली की ती भिंतीकडे पळायची. मी गोटी काढून घेतली. मग नळ्या जोडल्या. शेगडीच्या या पत्र्याच्या नळ्यांचं एक टोक जरा निमुळतं असतं आणि ते दुसऱ्या नळीत बसतं. निमुळतं टोक वर ठेवायचं की खाली, असा प्रश्न होता. धूर वर जातो, तेव्हा त्याला जाताना वाटेत काठ लागू नये म्हणून मी सगळी निमुळती टोकं वर ठेवली. ही दारात उभी होती. म्हणाली, "विचारा ना कुणाला तरी."

"कुणाला?"

"भाऊजींना."

साडूभाऊंना विचारण्यापेक्षा मी धुरालाच विचारलं असतं.

राहता राहिली चिमणी. आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक जुनी विटांची चिमणी आहे. पूर्वी दोन्ही घरांत त्या भिंतीत चूल होती म्हणे. पुढे कुणीतरी आमच्या बाजूचं तोंड बुजवून त्यावर गिलावा केला, इतका सफाईने की तोंड कुठे होतं हेही कळत नव्हतं. म्हणून मी भिंतीवर हातोड्याच्या दांड्याने ठोकत गेलो. बराच वेळ भरीव आवाज येत होता. मग एका जागी छान पोकळ आवाज आला. पोकळ म्हणजे चिमणी, हे शाळकरी पोरालाही कळेल. मी तिथे छिन्नी लावली, भोक पाडलं, आत हात घातला. हाताला गार वारा लागला आणि वरून उजेडाचा ठिपका दिसला. खरं सांगतो, त्या क्षणी माझे डोळे भरून आले. (गिलाव्याची धूळही होती.) नळी भोकात बसवली, भोवती सिमेंट लिंपलं, सिमेंट वाळेपर्यंत कळ काढली, आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी शेगडी पेटवली.

लाकडं ओली होती. वखारवाल्याने मला बघून दिली असावीत. ती पेटता पेटेनात, पण धूर असा काही खेचला जात होता की मी बघतच राहिलो. खोलीत धुराची एक रेषसुद्धा नाही. मी हिला हाक मारली. ती आली, नाक वर करून चारी कोपऱ्यांत वास घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, खरंच जमलं की." बारा वर्षांच्या संसारात 'खरंच' या शब्दाने माझा एवढा अपमान झाला नव्हता, आणि मला एवढा आनंदही झाला नव्हता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. साडूभाऊ उभे होते. चेहरा नेहमीसारखाच गंभीर, फक्त रंग बदललेला.

"तुमच्याकडे काही जळतंय का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "शेगडी पेटवली आहे. या ना, बघा. धूर नावाला नाही."

"नाही ना?" ते म्हणाले. "तो आमच्याकडे आहे."

त्यांच्या दिवाणखान्यात जुन्या चुलीचं तोंड प्लायवूड लावून झाकलं होतं, आणि प्लायवूडवर त्यांच्या सत्काराचा फोटो होता. वर्षभर कारखान्यात एकही अपघात न झाल्याबद्दल सत्कार होता तो. त्या फोटोच्या चारी बाजूंनी धूर येत होता. त्यांनी आधी आपल्या घराच्या खिडक्या सताड उघडल्या, मग आमच्या घरात येऊन शेगडीवर वाळू ओतली. त्यांच्याकडे वाळूची बादली तयार असते. मग आम्हा तिघांना अंगणात उभं केलं आणि हजेरी घेतली. अंगणात आम्ही तिघेच होतो, त्यातले एक ते स्वतः, तरी घेतली.

थोड्या वेळाने मेहुणी बाजारातून आली. तिने घर बघितलं, पडदे बघितले, नवऱ्याचा फोटो बघितला. ती शांतपणे हिला म्हणाली, "आई आता तुझ्या घरी राहणार नाही. जीव घ्यायचा आहे का तिचा?"

हिने माझ्याकडे बघितलंही नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. आईला आपल्याकडे ठेवायची तिलाही तेवढीच इच्छा होती, आणि तिने मला विचारलेला पहिलाच प्रश्न योग्य होता.

दुसऱ्या दिवशी चिमणी साफ करणारा आला. लांब बांबूला ब्रश लावून तो छपरावर चढला आणि खाली उतरला तो खुशीत होता. त्या चिमणीत शेजारी शेजारी दोन मार्ग होते, एक आमचा, एक साडूभाऊंचा. साडूभाऊंचा मोकळा होता, म्हणून तो पोकळ वाजला. आमच्या मार्गात पक्ष्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरटी बांधली होती, वर पडक्या विटा होत्या, म्हणून तो भरीव वाजला. मी पोकळ जागा शोधून बरोबर दुसऱ्याच्या मार्गात नळी घातली होती.

"नशीबवान आहात," तो म्हणाला. "मागे एका घरात असंच झालं होतं, तिथली माणसं..."

"चहा घ्या," ही म्हणाली.

त्याने आमचा मार्ग मोकळा केला. घरट्यांनी दोन पोती भरली. मी पाडलेलं भोक त्याने बुजवून योग्य जागी नवं पाडलं, आणि खाली ओला कागद जाळून धूर नीट वरून बाहेर पडतो आणि पलीकडे काहीच येत नाही, हे दोन्ही घरांत उभं राहून बघून घेतलं. मग त्याने माझ्या नळ्यांकडे पाहिलं आणि हसू आवरण्यासाठी पुन्हा छपरावर गेला.

नळ्यांचं मला साडूभाऊंनी समजावलं. ओल्या लाकडाच्या धुराचं नळीत काळं डांबरासारखं पाणी होतं आणि ते खाली ओघळतं. निमुळतं टोक खाली असेल तर ओघळ नळीच्या आतच राहून शेगडीत पडतो. वर असेल तर सांध्यातून बाहेर येतो. तो बाहेर आला होताच. माझ्या नव्या स्वेटरवर होता.

"तुम्ही ओघळाचा विचारच केला नाहीत," ते म्हणाले.

"मी धुराची सोय बघितली," मी म्हणालो.

"आणि धुराने आमची."

इथे मला मान्य करायला हवं की साडूभाऊंनी मोठेपणा दाखवला. ते बायकोला म्हणाले, "शेगडी माझ्या देखरेखीखाली बसली तर आईंनी आधी तिकडे राहायला माझी हरकत नाही. शेवटी त्यांचे गुडघे काय ते ठरवतील." मेहुणी कुरकुरत का होईना, तयार झाली. मी त्यांचे हात धरून आभार मानले. देखरेख म्हणजे काय असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यांनी ओटा नव्याने रचून घेतला आणि त्यावर गोटी ठेवून बघितली. नळीचा प्रत्येक सांधा स्क्रूने आवळून घेतला. शेगडी भिंतीपासून हातभर पुढे ओढली, मागे पत्रा उभा केला, पत्र्यामागे हवा खेळायला जागा ठेवली. इथवर सगळं रास्तच होतं. मग त्यांनी खडूने शेगडीभोवती जमिनीवर एक मोठा अर्धगोल काढला आणि म्हणाले, "यात जळू शकेल असं काहीही नको."

अर्धगोलात सोफा होता. तो आतल्या खोलीत गेला. कपाट गेलं, कपाटातली पुस्तकं गेली. पडदे उतरवले, कारण वाऱ्याने उडून ते रेषेच्या आत येऊ शकतात. लाकडी टेबल गेलं, सतरंजी गेली. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"हेही जळू शकतात," ही म्हणाली. (हा विनोद होता, पण साडूभाऊंनी मला रेषेबाहेर उभं केलं.)

शेवटी त्यांनी विषारी वायू कळवणारा गजर आणून भिंतीला लावला आणि खिडकी उघडून तिच्या फटीत लाकडाचा ठोकळा बसवला.

"ही बंद करायची नाही," ते म्हणाले. "जाळाला हवा लागते."

"पण थंडी आत येईल," मी म्हणालो.

"थंडीने माणूस शिंकतो. धुराने मरतो."

मी आत जाऊन कानटोपी शोधली.

शनिवारी सासूबाई आल्या. मी वाळलेली लाकडं आणून ठेवली होती. शेगडी अशी काही पेटली की काचेच्या झरोक्यातून सोनेरी जाळ दिसत होता. सासूबाई दारातच थांबल्या, गालावर हात ठेवून म्हणाल्या, "जावईबापू, हे तुम्ही केलं?"

"हो," मी म्हणालो. ही खोकली.

"बघ," त्या हिला म्हणाल्या, "तुला कधी किंमत नाही त्यांची."

एवढ्याचसाठी मी हे सगळं केलं होतं. मी त्यांना खुर्ची दिली. खुर्ची लाकडी, म्हणजे ती रेषेच्या बाहेर आली. रेषेबाहेर म्हटलं की ती नेमकी खिडकीजवळ जात होती. सासूबाईंनी शाल घेतली. मग पायांवर पांघरूण घेतलं. मग माझी मफलर मागितली. शेगडीचा जाळ बघून त्या म्हणाल्या, "किती छान दिसतो." त्या अगदी दूरवरचं काही बघावं तशा बघत होत्या. मी सारखी लाकडं घालत होतो. पण सगळी ऊब नळीतून थेट चिमणीत जात होती, जी उरत होती ती खिडकीतून, आणि खोली होती तशीच गार. संध्याकाळपर्यंत त्या गुडघ्यांबद्दल बोलल्या नाहीत. माझं मन राखायचं म्हणून बोलल्या नाहीत, हे मला दिसत होतं.

रविवारी सकाळी त्या थोरलीकडे चहाला म्हणून गेल्या. जेवायची वेळ झाली तरी आल्या नाहीत. दुपारी निरोप आला, माझी पिशवी पाठवून द्या.

मी पिशवी घेऊन स्वतः गेलो. हीटरने बाजी मारली, हे गृहीत धरूनच गेलो होतो. पाहतो तर हीटर कोपऱ्यात बंद, वर कापड घातलेलं. सासूबाई भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, शालसुद्धा न घेता बसल्या होत्या. चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"जावईबापू, हात लावून बघा," त्या म्हणाल्या. "ही भिंत काय उबदार आहे."

मी हात लावला. आमच्या बाजूला ती नुसती सपाट भिंत आहे. चिमणीचं सगळं विटांचं अंग यांच्या दिवाणखान्यात आहे, जमिनीपासून छतापर्यंत. माझ्या शेगडीची ऊब त्यातून वर जात होती आणि त्या विटा भाकरीच्या तव्याच्या कडेसारख्या कोमट होत्या. धूर एवढासाही नव्हता. तो सगळा नियमाप्रमाणे वर जात होता.

"आमच्या बाजूचं बांधकामच चांगलं आहे," साडूभाऊ म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग बोलत का नाही तुम्ही?"

"कळेल त्यांचं त्यांना," मी म्हणालो, आणि सोमवारी शेगडी पेटवलीच नाही. हा डाव मला ऑफिसात सुचला आणि दिवसभर मी त्यावर खूश होतो. परत आलो तेव्हा थंडी कडाक्याची होती. पलीकडे गेलो तर सासूबाई दोन शाली घेऊन गुडघे चोळत होत्या. मला त्या गुडघ्यांकडे बघवेना. डाव वगैरे सगळं विसरून मी खरं काय ते सांगून टाकलं. ऊब तुमच्या भिंतीची नाही, आमच्या शेगडीची आहे, आज मी पेटवली नाही म्हणून ही भिंत गार आहे, आता चला आपल्या घरी.

साडूभाऊंनी भिंतीला हात लावून बघितला आणि मान हलवली. सासूबाईंचे डोळे पाणावले.

"म्हणजे तुम्ही स्वतः तिकडे गारठत बसलात," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या गुडघ्यांसाठी ऊब इकडे पाठवलीत? आणि एका शब्दाने बोलला नाहीत?" मग थोरल्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "माणूस बघ. हा माणूस बघून ठेव."

मी काही म्हणणार होतो. पण इतकं मोठं कौतुक मध्येच थांबवायची मला सवय नाही. मी मान खाली घालून ते पूर्ण होऊ दिलं, आणि तिथेच घात झाला. कारण ते पूर्ण झाल्यावर त्या म्हणाल्या, "मग जा बाबा, पेटवा लवकर. पाठ गार पडली."

तेव्हापासून तसंच चाललं आहे. ऑफिसातून आलो की मी कानटोपी घालून शेगडीपाशी बसतो आणि लाकडं घालतो. सासूबाई पलीकडे पाठ शेकतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला माझं मन किती मोठं आहे ते सांगतात. भिंतीतून मला सगळं ऐकू येतं. ऊब कमी झाली की त्या वाटीने भिंतीवर ठोकतात. पहिल्या आठवड्यात ही माझ्याजवळ बसायची. मग आईला औषध द्यायला म्हणून जायला लागली, मग भाजी निवडायला म्हणून, आता काही म्हणूनही नाही, नुसती जाते. परवा पलीकडे सगळे कशावर तरी खूप हसत होते. मला राहवेना. मीही जाऊन बसलो. भिंतीला पाठ टेकली, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःच्या शेगडीची ऊब मला त्या दिवशी पहिल्यांदा लागली. मी डोळे मिटले होते.

"शेगडी चालू आहे?" साडूभाऊंनी विचारलं.

"मस्त चालू आहे," मी म्हणालो.

"आणि तिथे कोण आहे?"

मी डोळे उघडले.

"पेटती शेगडी एकटी सोडून येऊ नये," ते म्हणाले. "सुरक्षिततेच्या दृष्टीने बरोबर नाही."

मी हिच्याकडे बघितलं. ही भाजी निवडत होती. मी सासूबाईंकडे बघितलं. "त्यांना सांगावं लागत नाही हो," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "त्यांना सगळी जबाबदारी कळते." मग मात्र उठण्यावाचून इलाज नव्हता. मी कानटोपी घातली, मफलर गुंडाळली आणि निघालो.

"आणि भाऊजी," मेहुणी मागून म्हणाली, "जाताना दार नीट ओढून घ्या. ऊब बाहेर जाते."